तांड्याचा फोन

मॅडमनी फोन दोन बोटांत धरला. मेलेला उंदीर शेपटीने उचलतात तसा. वर्गाकडे वळवून सगळ्यांना दाखवला.

"हा कोणाचा?"

"तांड्याचा," मी म्हणाले.

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. "फोन माणसाचा असतो. तांड्याचा कसा असेल?" मग त्या माझ्याजवळ आल्या. आवाज खाली आणला, पण पहिल्या दोन बाकांना ऐकू जाईल एवढाच. "चोरीचा तर नाही ना? खरं सांग."

मी दहावीत शिकते. पहिल्या पाचांत नंबर असतो. त्या दिवशीही गणवेश धुतलेला होता, वेण्या घट्ट वर बांधलेल्या होत्या. त्या एका शब्दाने सगळं ओरबाडून काढलं. अंगावर काही उरलंच नाही असं वाटलं. मी खाली बघितलं. खाली बघायला नको होतं. चोर खाली बघतो, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

आदल्या दिवशी शाळेच्या अ‍ॅपवर निरोप आला होता की उद्या फोन घेऊन ये. मला वाटलं, अ‍ॅपमध्ये काही बिघाड असेल, मॅडम नीट करून देतील. मी फोन ओढणीने पुसून चकाचक करून नेला होता. हौसेने.

मॅडमनी भिंतीवरचा पडदा चालू केला. पडद्यावर नावं. राठोड, चव्हाण, राठोड, आडे, राठोड, जाधव. पाचवीपासून दहावीपर्यंत या शाळेत असलेली आमच्या तांड्याची सगळी पोरं. प्रत्येक नावापुढे लाल ठिपका. ठिपक्यावर बोट ठेवलं की खाली अक्षरं यायची: एकच उपकरण. जवळपास एकच वेळ. उत्तरांत साम्य. कॉपीची शक्यता.

अ‍ॅपने शक्यता म्हटलं होतं. मॅडमनी मोठ्याने वाचताना तेवढा शब्द गाळला.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा फुलसावंगीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत आहे; शाळा शहरात. होळीला आमच्या बाया नाचून गाऊन दुकानादुकानापुढे फगवा मागतात. तो आमचा रिवाज आहे. त्या पैशात सगळ्या तांड्याचं जेवण होतं, बोकड पडतो. शाळेने सगळा अभ्यास अ‍ॅपवर नेला त्या वर्षी नायक म्हणाला, यंदा बोकड नाही, लेकरांसाठी फोन. नायक म्हणजे आमच्या तांड्याचा मोठा माणूस, त्याचा शब्द कोणी मोडत नाही. म्हातारे मात्र फुगून बसले. मी दिसले की विचारायचे, "काय वं, बोकड चारापाणी खाते का?" फोनचं नावच बोकड पडलं. आजही तांड्यात कोणी फोन म्हणत नाही.

हे सगळं मी वर्गात सांगू शकले असते. पण फगवा म्हटलं असतं तर त्या भीक म्हणाल्या असत्या. चोरी नाही तर भीक. आमच्यासाठी त्यांच्या डोक्यात दोनच कप्पे होते, आणि मला दोन्हीतल्या एकातही जायचं नव्हतं. म्हणून मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्यालाच त्यांनी कबुली मानलं.

अ‍ॅप म्हणजे काय होतं ते सांगते. रोज प्रत्येक विषयाचा गृहपाठ, त्याच्या पानांचे फोटो, वेळ टळली की शून्य. आठवड्याची चाचणी. प्रकल्प. पाठांतराचा व्हिडिओ. शहरातल्या पोरांकडे स्वतःचा फोन, बापाचा लॅपटॉप, वरून शिकवणीचे सर. वकिलाची मुलगी माझ्या बाकावर बसते, ती म्हणायची, "मला तर मम्मी आठवण करून देते, मी बघतही नाही." आमच्या आया पहाटे कापूस वेचायला जातात. आठवण कोण करून देणार?

मग मी बोकडालाच कामाला लावलं. कोणी शिकवलं नाही, दाबून दाबून शिकले. कॅलेंडरमध्ये प्रत्येक पोराचा रंग ठरवला. चुलत बहीण पूजाचा पिवळा, माझा निळा. कुणाचं काय बाकी आहे ते रंगावरून कळायचं, आणि वेळ झाली की गजर वाजायचा. वहीच्या पानाचा फोटो सरळ करून, सावली पुसून, सगळी पानं एकाखाली एक लावणारं एक अ‍ॅप सापडलं. चिठ्ठ्यांचं एक सापडलं. पुढे प्रश्न, मागे उत्तर, जे चुकेल तेच पुन्हा पुन्हा पुढे येतं. शिकवणीचे व्हिडिओ बाजाराच्या दिवशी फुलसावंगीत उतरवून आणायचे, मग आठवडाभर रेंज नसली तरी चालायचं. ही सगळी फुकट मिळणारी साधनं. मला फार आवडायची. पहिल्यांदा वाटलं होतं की अभ्यास आपल्या मुठीत आहे.

रेंज फक्त देवळाच्या ओट्यावर. म्हणून सगळे तिथे जमायचो. एक जण प्रश्न मोठ्याने वाचायचा. ज्याला येतं तो आमच्या बोलीत समजावून सांगायचा. मग ज्याने त्याने आपापल्या वहीत लिहायचं. झालं की मी रांगेने फोटो काढायचे, एकेकाचं खातं उघडून पाठवायचे. घाई असायची, चार्जिंग संपत आलेलं असायचं. सगळ्या फोटोंत खाली तोच ओटा, त्याच भेगा.

उत्तरं सारखी होती, खरंच होती. माझ्या वर्गातल्या आम्ही तिघांनी ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते याचं उदाहरण पिठाच्या चक्कीचं लिहिलं होतं. तांड्यात चक्की एकच आहे. ती चालू असताना आम्ही तिच्याजवळ उभं राहून समजून घेतलं होतं. शहरातल्या पोरांनी झाडून सगळ्यांनी गाइडमधलं पंख्याचं उदाहरण लिहिलं होतं, स्वल्पविरामासकट. त्यांच्या नावापुढे एकही ठिपका नव्हता. गाइडमधून सारखं आलं की तो अभ्यास. चक्कीतून सारखं आलं की ती चोरी.

बापाला बोलावलं. बा शेतातून तसाच आला, डोक्याला कापसाचे तंतू चिकटलेले. कार्यालयाच्या दाराबाहेर चप्पल काढून आत उभा राहिला. मुख्याध्यापक सर टेबलामागे बसले होते, ते पूर्ण वेळ खिडकीकडे बघत राहिले. मॅडम बोलत होत्या.

"तुझी मुलगी टोळी चालवते, माहीत आहे का तुला?"

बा त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा असेल. त्याने हात जोडले. "मॅडम, लेकराले समजलं नसन. माफी द्या."

बा आमच्या घरात कुणापुढे हात जोडत नाही, देवासमोर सुद्धा घाईघाईत जोडतो.

"माफी मिळेल," मॅडम म्हणाल्या. आवाज एकदम गोड झाला. मला त्या गोड आवाजाची जास्त भीती वाटली. "याच फोनवर व्हिडिओ करायचा. सगळ्या मुलांनी ओळीत उभं राहायचं आणि म्हणायचं, आम्ही तांड्यातल्या मुलांनी चोरी केली, आम्हाला माफ करा. पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. उद्या सकाळच्या आत. नाहीतर सगळ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले तयार ठेवते."

मग फोन बाच्या हातात दिला आणि त्याला बाहेर थांबायला सांगितलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू हुशार आहेस गं. तुझं वेगळं करता येईल. एवढंच म्हण, की त्यांनी तुझं चोरलं. तू बोर्डाला बस इथून. बाकीच्यांचं मी बघते."

खांद्यावरचा हात खूप वेळ तिथेच होता. हलका, क्रीमचा वास येणारा. माझं वर्ष वाचत होतं. खोटं कशाला सांगू, तेवढ्या वेळात मी विचार केला. पूजा पाचवीत आहे, तिला अजून खूप वर्षं आहेत, असं मनात आलं. तो विचार आला म्हणून मला स्वतःची किळस आली. खांद्यावरचा हात झटकला आणि बाहेर आले.

दाखला हातात येणं म्हणजे काय, ते आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोरगा असला तर आईबापाबरोबर ऊसतोडीला. पोरगी असली तर ऊसतोडीला आणि मग लग्न.

दिवस मावळायच्या वेळी आम्ही ओट्यावर होतो. बोकड वाजला. टुंग. शाळेच्या अ‍ॅपचा निरोप. पूजाच्या नावाने. 'कारवाई प्रलंबित.' परत टुंग, चव्हाणांच्या पोराच्या नावाने. परत टुंग. शहरात हे निरोप वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या खिशांत वाजले असते. आमच्याकडे एकच फोन. तो वाजत राहिला आणि पोरं आपापलं नाव यायची वाट बघत बसली. आतापर्यंत हा आवाज आला की ती धावत यायची.

नायक आला. त्याने सगळं ऐकलं. "म्हणून टाक बाई," तो म्हणाला. "दोन शब्द हायेत. आपल्या लोकायनं याच्याहून मोठं ऐकलं. पोरायचं शिक्षण महत्त्वाचं."

वाईट माणूस नाही तो. बोकडाऐवजी फोन त्यानेच आणला होता. मी हो म्हटलं.

तेवढ्यात पोरं तयार होऊन आली. कुणाच्या तरी याडीने, म्हणजे आईने, सगळ्यांची तोंडं धुतली होती, केसांना तेल लावून भांग पाडले होते. पूजाच्या गालावर पावडर. व्हिडिओ शाळेत जाणार म्हणून तिला नवीन फ्रॉक घातला होता. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि कविता म्हणतात तसं, हेल काढून, म्हणून बघायला लागली.

"आम्ही तांड्यातल्या मुलांनी चोरी केली..."

मग थांबली. "ताई, हात जोडू का सरळ ठेवू?"

मी फोनच्या पडद्यातून तिच्याकडे बघत होते. पावडर लावलेलं, हसरं तोंड. तिला पाठ झालं होतं. चांगलं पाठ झालं होतं, पूजाचं पाठांतर पक्कं आहे. उद्या कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी तिने तेच सांगितलं असतं. आयुष्यभर सांगितलं असतं. इतका राग मला कधी आला नव्हता, मॅडमनी चोर म्हटलं तेव्हाही नाही.

मी फोन बंद केला.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?" नायक म्हणाला.

"नाही करणार. मी नाही आणि कोणीच नाही."

नायक चिडला. "तुह्या एकटीच्या नाकापायी सगळ्यायचं वाटोळं करतं का?" बायका बोलायला लागल्या. पूजाची याडी रडायला लागली. ते रडणं मला अजून ऐकू येतं, कारण तिचं चूक नव्हतं.

"काका," मी नायकाला म्हणाले, "हे म्हटल्यावर त्या आत घेतील. पण कोण म्हणून घेतील? वर्गात पेन हरवला की पहिल्यांदा कोणाचं दप्तर उघडतील?"

तो ओट्यावर खाली बसला. पटलं म्हणून नाही. उत्तर त्याला माहीत होतं म्हणून.

बा इतका वेळ ओट्याच्या कडेला बसून होता. तो म्हणाला, "दाखला देतीन."

"देऊ दे. त्याच्यावर लिहून देऊ दे, आम्ही काय चोरलं ते."

बाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत शाबासकी वगैरे काही नव्हती. भीती होती, नुसती भीती. पण सकाळी तो आमच्याबरोबर निघाला.

फाटकावरच्या चौकीदाराला आधीच सांगून ठेवलेलं होतं. त्याने आम्हाला बाजूला उभं केलं. मॅडमची गाडी आली. काच अर्धी खाली आली.

"व्हिडिओ?"

"नाही केला."

"मग आलात कशाला?"

"शाळेत."

काच वर गेली. गाडीपुरतं फाटक उघडलं आणि परत लागलं. आत प्रार्थनेची घंटा झाली. आम्ही भिंतीला लागून बसलो आणि वह्या काढल्या. काही शहरातली पोरं खिडकीतून बघत होती. माझ्या बाकावरची वकिलाची मुलगीही होती. तिने पडदा ओढून घेतला.

त्याला आता बरेच दिवस झाले. दाखले दिलेले नाहीत, कारण काय चोरलं ते लिहायला कोणी तयार नाही. आतही घेतलेलं नाही. माझं खातं अ‍ॅपवर बंद आहे, उघडायला गेलं की पडदा पांढरा होतो. तीन पोरांना त्यांच्या घरच्यांनी ऊसतोडीच्या गाडीत बसवून नेलं. नायक माझ्याशी बोलत नाही. बोर्डाची परीक्षा जवळ येते आहे आणि मला तिथे बसू देतील असं वाटत नाही. मी शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहिला आहे. बाला घेऊन यवतमाळला जाणार आहे, तिथेही दाराबाहेरच उभं ठेवतील, माहीत आहे मला.

काल मॅडमनी चौकीदाराकडून पुन्हा निरोप पाठवला. म्हणाल्या, एवढं लांबलचक नको, नुसतं सॉरी म्हण, पुरे.

शब्द कमी झाले. अर्थ तोच आहे.

माझं वर्ष जाईल. जाऊ दे. दुसरं वर्षही जाईल कदाचित. पण जे केलं नाही ते माझ्या तोंडून निघणार नाही, आणि माझ्यादेखत तांड्यातलं एकही लेकरू ते पाठ करणार नाही. उद्या सकाळी आम्ही फाटकावर असू.