घरचीला कसला पगार

"ट्रे ठेवू नको. तशीच उभी राहा."

सर म्हणाले म्हणून उभी राहिले. ट्रेमध्ये आठ कप चहा, मध्ये पोह्यांची मोठी प्लेट. सोफ्यावर आणि खाली गालिच्यावर सात पोरं-पोरी. सर शहरातल्या भंवरकुआं भागात एका कोचिंग क्लासमध्ये कायदा शिकवतात. अधिकारी व्हायची लेखी परीक्षा पास झालेल्या मुलांना रविवारी स्नेहलतागंजच्या घरी बोलावून इंटरव्ह्यूची तयारी करून घेतात. त्या दिवशीचा विषय किमान वेतन.

सरांनी पेन माझ्याकडे रोखलं. मुलांना विचारलं, "बताइए, ये श्रमिक है कि नहीं?"

एक मुलगी म्हणाली, "है सर. काम करती हैं, तनख्वाह मिलती है."

"गलत. ये चौबीस घंटे यहीं रहती है. घंटे कैसे गिनोगे? दोपहर में सोती है, टीवी देखती है. सोने के भी पैसे दूँ?"

सगळे हसले. मग सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "काय गं, तुला काही कमी आहे का इथे? सांग यांना."

"नाही सर."

हे मीच बोलले. कोणी तोंड दाबलं नव्हतं. 

"देखा? घर की है. घरवालों का कैसा न्यूनतम वेतन?" मग मला, "चहा गार झाला. गरम करून आण."

माझे आजोबा खानदेशातून इथल्या कापड गिरणीत आले. वडीलही त्याच गिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा मी आठवीत होते. शाळा सुटली. लग्न झालं. नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा मी निघाले, आणि सत्ताविसाव्या वर्षी सरांच्या घरात आले. अकरा वर्षं झाली. महिन्याला सहा हजार, जेवण, आणि स्वयंपाकघराच्या मागे एक पलंग.

त्या पलंगाच्या डोक्यावर बेल. बटण सरांच्या आईच्या उशाशी. आजींना उठवायचं, न्हाऊ घालायचं, चादरी बदलायच्या, मधल्या वेळात दोन वेळचा स्वयंपाक, भांडी, कपडे. दुपारी पाठ टेकली की बेल. तीच माझी झोप, जी सरांनी पोरांना सांगितली.

वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, एका गोष्टीचा फार अभिमान. आल्या-गेल्याला सांगायच्या, "आम्ही हिला वेगळं ताट दिलं नाही हं. आमच्यातलंच जेवते." खरं आहे ते. पण सगळे बाहेर निघाले की दाराला बाहेरून कुलूप लागायचं. आत आजी आणि मी. मी घरची होते ना.

माझी आई आजारी पडली तेव्हा वहिनींची बहीण अमेरिकेहून आली होती. वहिनी म्हणाल्या, "पाहुणे जाऊ देत, मग जा." पाहुणे बारा दिवसांनी गेले. मी बऱ्हाणपूरला पोचले तोवर आईची वाचा गेली होती. तिने माझ्याकडे बघितलं. बस.

त्या रविवारी 'है सर' म्हणालेली ती मुलगी रिकामे कप घेऊन स्वयंपाकघरात आली. ललिता तिचं नाव. मराठीच निघाली. म्हणाली, "काकू, खरंच झोपता तुम्ही दुपारी?"

मी बेल दाखवली.

ती बेल बघून म्हणाली, "मतलब ही ड्यूटीच झाली ना. आमच्या होस्टेलचा चौकीदार खुर्चीवर बसून असतो. त्याचे बारा तास धरतात. तो काय दगड फोडतो? आणि काही राज्यांत घरकाम करणाऱ्यांना किमान वेतन लावलंय, काकू. सरच शिकवतात."

सरच शिकवतात! भांडी घासताना मी तेवढंच घोकत होते. या माणसाला माहीत आहे. न कळून केलं असतं तर मी माफही केलं असतं.

दोन दिवसांनी वहिनी निवांत बसलेल्या बघून म्हटलं, "वहिनी, आठवड्याला एक दिवस सुट्टी पाहिजे. आणि कामाचे तास, पगार, सगळं कागदावर लिहून द्या."

वहिनी आधी हसल्या. मग चेहरा बदलला. "खोली, दोन वेळचं जेवण, साबण, लाईट. भंवरकुआंला जाऊन विचार, एका पोरीला होस्टेलचे किती पडतात. तो हिशोब मांडला तर तुझ्याकडेच बाकी निघेल."

"ठीक आहे. मी भाडेकरू. मग मला किल्ली द्या. भाडेकरूला कोणी कुलपात ठेवत नाही."

वहिनी उठून आत गेल्या.

पुढच्या रविवारी सरांनी मला मुद्दाम हॉलमध्ये बोलावलं. तीच पोरं. सर हसत होते, पण ते हसू डोळ्यांत नव्हतं. "आमच्या बाई हल्ली कायदा वाचतात. विचारा त्यांना. आप श्रमिक हैं?"

मी ट्रे टेबलावर ठेवला. कोणी ठेव म्हटलं नव्हतं.

"हो, आहे. सकाळी पाचला उठते. रात्री आजी बेल वाजवतील तेव्हा उठते. माझा स्वतःचा एक तास नाही. घरची असते तर आईजवळ जायला परवानगी मागावी लागली नसती. सर, तुम्ही पुस्तकातलं बरोबर शिकवता. घरात चोरी करता."

"निघ," सर म्हणाले. "आत्ताच्या आत्ता निघ!"

वहिनी आत गेल्या आणि माझी पिशवी घेऊन आल्या. "काही नेत नाही ना, बघू दे." पिशवी पोरांसमोर उलटी केली. दोन साड्या, परकर, आतले कपडे, पाळीसाठी धुऊन घडी केलेली फडकी. आईचा फोटो. सगळं गालिच्यावर.

मी पोरांकडे बघितलं. उद्याचे अधिकारी. एक मोबाईलमध्ये, एक छताकडे.  ललिता तेवढी उठली, खाली बसून माझे कपडे गोळा करायला लागली. सर तिला म्हणाले, "तुम भी कल से मत आना."

आजी आतून बेल वाजवत होत्या. मला त्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गेले नाही.

आता एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. तीन घरचा स्वयंपाक करते, तासावर. किमान वेतन मिळावं म्हणून कामगार कार्यालयात अर्ज दिला. खिडकीवरचा बाबू म्हणाला, "घर के अंदर का मामला है, बाई. समझौता कर लो." म्हटलं, पावती द्या. तो जेवायला गेला. मी तिथेच बाकावर बसले. तो परत आला, मी बसलेलीच. संध्याकाळी शिक्का मारून दिला. अर्जावर साक्षीदार म्हणून ललिताने सही केली. तिचा इंटरव्ह्यू अजून व्हायचा आहे, तरी केली.

सरांनी शेजाऱ्याकरवी निरोप पाठवला. पगार दुप्पट करू, अर्ज मागे घे, माझी आई तुझीच आठवण काढते. मी सांगितलं, जे बोलायचं ते सुनावणीच्या तारखेला, अधिकाऱ्यासमोर.

पहिल्या सुनावणीला सरांनी वकील आणला होता. वकील म्हणाला, घरात राहून काम करणाऱ्या बाईला हा नियम इथे लागूच होत नाही. अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "क्या कहना है आपको?"

मी उभी राहिले. म्हटलं, "लागू नसेल तर लागू करा. नाही म्हणायचं असेल तर तेही लिहून द्या, खाली सही करून. तो कागद घेऊन मी वर जाईन. तिथे नाही म्हणाले तर त्याच्याही वर. मला आता राहत्या घरातून कोणी काढू शकत नाही. मी प्रत्येक तारखेला येणार."

अधिकाऱ्याने पुढची तारीख दिली. मी ती लिहून घेतली.