श्वास घेताना की सोडताना

आमचे हे कर्जतला शाळामास्तर. त्यांना पहिल्यांदा धाप लागली तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच धास्ती होती: क्षय. क्षय निघाला असता तर नोकरी गेली असती आणि आमच्या घरचं पाणीही कुणी प्यायलं नसतं. नगरच्या इस्पितळात छातीचा फोटो काढला, फुप्फुसं स्वच्छ निघाली. डॉक्टर म्हणाले, दमा आहे. युद्धाचे दिवस, तरी आम्ही मूर्खांनी रेशनची साखर खर्चून आळीत पेढे वाटले. शेजारचे म्हातारे शेतकरी म्हणाले, "मास्तर, क्षय न्हाई ना? मंग झालं. दम्याला घिऊन लई जन जगत्यात."

मला पटेना. माझे वडील दमेकरी. त्यांची छाती श्वास सोडताना वाजायची. ह्यांचा घसा वाजे तो श्वास घेताना. पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना हे सांगू लागले, तर हेच डाफरले, "तू गप्प बस. डॉक्टर ते की तू?" डॉक्टर गालातल्या गालात हसले. मग तीन वर्षं दही बंद, केळं बंद, धोतऱ्याच्या पानांची धुरी, आणि माझं तोंड बंद. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पुढे थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा माझ्या भावानं आम्हांला मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "आवाज श्वास घेताना येतो की सोडताना?"

हे म्हणाले, "कधी लक्ष दिलं नाही."

"घेताना," मी म्हटलं. "तीन वर्षं."

घशातून दिव्याची नळी घालून त्यांनी पाहिलं. श्वासनळीतच द्राक्षाएवढी गाठ होती. तुकडा काढून तपासला. कर्करोगच, पण त्या जागी क्वचित होणारा. "लवकर आला असतात तर नळीतूनच काढून पाहिली असती," डॉक्टर म्हणाले. आता ती खोल रुतली होती. वरातीमागून घोडं! गाठीच्या खाली गळ्याला भोक पाडून चांदीची नळी बसवली, किरणांचे शेक सुरू केले. श्वास मोकळा झाला, वाचा मात्र गेली.

एका सकाळी डॉक्टरांनी रात्र कशी गेली ते विचारलं. ह्यांनी पाटीवर लिहून ती माझ्याकडे वळवली: 'तू सांग.'

मी तोंड फिरवलं आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. डॉक्टर थोडा वेळ थांबून पुढच्या खाटेकडे गेले.

महिन्याभरात हे गेले. त्या सकाळची मला लाज वाटते. राग अजूनही येतो.