दोन पातेली रस्सा

एकवीस एप्रिल, सोमवार. रक्कम आठ लाख दहा हजार रुपये. हजर तिघे: माझी थोरली बहीण, तिच्या मिसळीच्या हॉटेलातले निम्म्याचे भागीदार आणि मी.

हॉटेल सोमवारी बंद असतं, म्हणून तिथेच बसलो. ताईने चहा ठेवला आणि मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. त्या खोलीत दाजी, म्हणजे तिचे यजमान, वर्षभर अंथरुणावर होते आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिथेच गेले. खाट अजून हलवलेली नव्हती.

भागीदार दाजींचे शाळेपासूनचे मित्र, दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. हॉटेल काढलं तेव्हा निम्मे पैसे त्यांनी घातले आणि चालवायचं काम दाजी-ताईंनी घेतलं. आजारपणात ते दर रविवारी येऊन दाजींजवळ बसत. तेराव्यापर्यंत त्यांनी धंद्याचा किंवा पैशाचा विषय कुणाजवळही काढला नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला.

कागद माझाच होता. मी अंबडच्या एका कारखान्यात खर्चाचे हिशोब बघतो, म्हणून नातलगांची असली कामं माझ्याकडे येतात. दाजींचं दुखणं कळायच्या आधी, आदल्या मार्चमध्ये, हॉटेलचं वर्षाचं अंदाजपत्रक मीच करून दिलं होतं. शेवटच्या ओळीत नफा होता सहा लाख साठ हजार. प्रत्यक्षात वर्ष संपलं ते दीड लाखाच्या तोट्यात. दोन्हींमधलं अंतर आठ लाख दहा हजार.

"पाहुणे," भागीदार मला म्हणाले, "मला आकड्यांतलं लय कळत नाय. एवढंच सांगा, हे रस्त्यानं खाल्लं का चुलीनं?"

रस्ता म्हणजे समोरचा. सिंहस्थाच्या कामांसाठी तो खोदला होता आणि एक बाजू जवळजवळ वर्षभर बंद होती. चूल म्हणजे ताईचा कारभार. त्यांचं म्हणणं सरळ होतं. रस्त्यामुळे तोटा आला असेल तर ते आणखी एक वर्ष थांबायला तयार होते. कारभारात गळती असेल तर ताईचा वाटा ते विकत घेणार होते आणि हॉटेल त्यांचा पुतण्या चालवणार होता. हे ते ताईसमोरच बोलले आणि ताई म्हणाली, बरोबर आहे. तिचं वय एकोणसाठ. मूलबाळ नाही. आयुष्यातली बावीस वर्षं तिने या एका स्वयंपाकघरात काढलेली.

त्याच कागदाच्या मागे मी त्यांना पहिला हिशोब करून दाखवला. अंदाजपत्रक होतं पंचेचाळीस हजार प्लेटांचं. विकल्या गेल्या तीस हजार. पंचेचाळीस हजारांचा नफा तीस हजार प्लेटांकडे मागता येत नाही. आधी अंदाजपत्रकच तीस हजारांवर आणायचं आणि मग तुलना करायची. कारखान्यात याला लवचीक अंदाजपत्रक म्हणतात, पण घरीही आपण तेच करतो. आमची मुलगी पुण्याहून सुट्टीला आली की दूध महिन्याला पंधरा लिटर वाढतं. त्याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही. तीन माणसांचं दूध तीन माणसांशीच ताडून बघतात.

प्लेट ऐंशी रुपयांची. तिच्यावरचा खर्च बेचाळीस, उरतात अडतीस. भाडं, पगार, वीज असा जागचा न हलणारा खर्च साडेदहा लाख. प्लेटा कमी झाल्या म्हणून तो कमी होत नाही. तीस हजार प्लेटांवर नफा यायला हवा होता नव्वद हजार. म्हणजे आठ लाख दहा हजारांपैकी पाच लाख सत्तर हजार प्लेटा कमी झाल्यामुळे गेले.

भागीदारांनी चष्मा काढला. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "मंग रस्त्यानंच खाल्लं म्हणा की."

मी म्हणालो, अजून दोन लाख चाळीस हजार राहतात. त्यांच्यासाठी मला बिलं बघावी लागतील.

"बघा. वहिनींच्या हातनं काय गेलं असंल तर कळू द्या. नाय गेलं तर मी पुन्हा कधी विचारणार नाय."

ताई कप उचलून आत गेली.

बिलांची पिशवी मी घरी आणली. पहिले साठ हजार सोपे होते. तेल आणि सुकं खोबरं महागलं होतं आणि बाजारभाव काही ताईच्या हातात नसतो. राहिले एक लाख ऐंशी हजार. ही वापरातली तफावत होती. जेवढ्या मालात काम व्हायला हवं होतं, त्याहून जास्त माल लागला होता.

आधी मला रस्सा मागून घेणारी पोरं आठवली. मिसळीबरोबर रस्सा मागाल तेवढा, ही आपल्याकडची रीत. अंदाजपत्रक करताना प्लेटीमागे रस्स्याचे बारा रुपये धरायला मला दाजींनीच लावलं होतं. एक आठवडा आम्ही गल्ल्याशी बसून कोण किती वेळा वाटी पुढे करतो ते बघितलं. एका कॉलेजच्या पोराने पाचव्यांदा वाटी पुढे केली तेव्हा दाजी म्हणाले, "अरे, खातोयस का अंघोळ करतोयस?" आणि वाढणाऱ्याला खूण केली, दे. ते बारा रुपये अशी सगळी पोरं धरूनच काढलेले होते.

मग महिन्यांप्रमाणे आकडे मांडले. प्लेटा जूनमध्ये पडल्या, श्रावणात आणखी पडल्या, दिवाळीनंतर थोड्या सावरल्या. पाव त्यांच्याबरोबर खाली गेला आणि वर आला. मटकी, फरसाण, कागदी ग्लास सगळं तसंच. पण कांदा, खोबरं, मिरची, तेल या चार ओळी वर्षभर एका जागी उभ्या होत्या. रोज दीडशे प्लेटांचा रस्सा होत होता आणि मिसळ शंभरच लोक खात होते. चोरी अशी नसते. चोरी कधी जास्त होते, कधी कमी. इतका सारखा आकडा म्हणजे कुणीतरी रोज ठरवून केलेली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर मी हॉटेलवर गेलो. ताई मिरच्यांची देठं काढत होती. मी कागद तिच्यापुढे धरला आणि विचारलं, शंभर प्लेटांना दीडशेचा रस्सा का?

तिने कागदाकडे बघितलंही नाही. देठं काढता काढता तिने जे सांगितलं ते असं.

दुखणं कळलं त्याच आठवड्यात दाजींनी तिला बजावलं होतं, धंदा चालतोय तोवर इंजेक्शनं घेईन. ज्या दिवशी चालेनासा होईल त्या दिवशी बंद. तुला उघड्यावर टाकून मला औषध नको. दर इंजेक्शन किती रुपयांचं ते त्यांना पाठ होतं. मग रस्ता खोदला गेला. दाजींना उठून बाहेर येता येत नव्हतं. तिने त्यांना सांगितलं, एक बाजू चालू आहे, लोक येतात. दिवसभर समोर मशीन धडधडत असे, त्यामुळे हॉटेलात गर्दी आहे की नाही हे त्यांना ऐकून कळायचं नाही. पण खोली स्वयंपाकघराला लागून. कांदा-खोबरं किती वेळ भाजलं जातंय ते त्यांना वासावरून कळायचं आणि दुसरं पातेलं चुलीवर चढल्याचा आवाज भिंतीतून जायचा. हॉटेल भरात असताना दोन पातेली लागत. एकावर आलं की धंदा बसला, हे त्यांचंच माप.

"रोज सकाळी आतून विचारायचे, 'दोन का?'" ताई म्हणाली. "मी म्हणायचे, दोन. खोटं नव्हतं ना रे ते. दोनच असायची."

उरलेला रस्सा रस्त्यावरचे मजूर डब्यात नेत. सुरगाण्याकडची माणसं होती, भाकरीबरोबर खात. त्यांनाही संपत नसे. बाकीचा ती मोरीत ओतून द्यायची, नळ सोडून, आवाज होऊ नये म्हणून. इंजेक्शनं शेवटपर्यंत चालू राहिली.

मग माझ्या धंद्यातली एक वाट मला दिसली आणि मी ती तिला सांगितली. रस्सा प्लेटीवर न धरता दिवसावर धरायचा. पातेलं रोज चढतंच, गिऱ्हाईक कितीही येवो. म्हणजे भाड्यासारखा तोही न हलणारा खर्च. तसं मांडलं की एक लाख ऐंशी हजार कमी झालेल्या प्लेटांच्या ओळीत जातात, प्लेटांचे साडेसात लाख होतात, भावाचे साठ हजार, आणि चुलीच्या नावावर शून्य. कुठलाही आकडा खोटा लिहावा लागत नाही.

"पण एका पातेल्यात भागलं असतं," ताई म्हणाली.

मी म्हणालो, मग कारण तरी लिहू दे. ते दाजींचे मित्र आहेत, त्यांना समजेल.

"समजेल म्हणूनच नको. ते सोडून देतील. मग मी रोज सकाळी त्यांच्या दयेवर चूल पेटवू का? आणि ते पैसे निम्मे त्यांचे होते. माझ्या नवऱ्यासाठी मी त्यांना न विचारता वापरले." तिने देठं गोळा करून पुड्यात बांधली. "तू जसं आहे तसं लिही. कारण लिहू नकोस."

आकडे कुठे घालायचे हा माझा रोजचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मी सहसा पाच मिनिटांत देतो. त्या कागदाला मला आठवडा लागला. बायकोने एकदा विचारलं, एवढं काय आहे त्यात? मी म्हणालो, तीनच ओळी आहेत. त्यात काय लिहायचं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिचा मान राखायचा तर तिचं हॉटेल जात होतं आणि हॉटेल राखायचं तर मान. निवड तिने केली होती. लिहायचं तेवढं माझ्याकडे होतं.

मेच्या दुसऱ्या सोमवारी पुन्हा तिघे बसलो. मी वाचून दाखवलं. प्लेटा कमी झाल्या म्हणून पाच लाख सत्तर हजार. भाव वाढले म्हणून साठ हजार. रस्सा गरजेपेक्षा जास्त केला म्हणून एक लाख ऐंशी हजार. तो केला नसता तर इतक्या वाईट वर्षातही हॉटेलला तीस हजार नफा झाला असता, हेही वाचलं. तेही खरं होतं, आणि ताईच्या बाजूने होतं की विरुद्ध ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

भागीदार ताईकडे बघत होते. "वहिनी, हे कसं झालं?"

"अंदाज चुकला माझा."

"महिना-दोन महिने चुकला तर समजतं. सगळं वर्ष?"

"सगळं वर्ष," ताई म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघत राहिलो. ते उठून दारापर्यंत गेले, बाहेर नव्या काँक्रीटच्या रस्त्याकडे बघत उभे राहिले आणि परत येऊन बसले. त्यांचा आवाज खाली आला होता. म्हणाले, पहिल्या दिवशी बोलले होते तसंच ते करणार. पुतण्याशी बोलणं झालंय. ताईला पाहिजे तर तिने पगारावर स्वयंपाक बघावा. ताई म्हणाली, नको, आता उभं राहवत नाही. आदल्या दिवसापर्यंत ती पहाटेपासून दुपारपर्यंत उभीच होती.

सामान, जागेचं डिपॉझिट, वर्षाचा तोटा सगळं धरून तिच्या वाट्याचे पाच लाख ठरले. भागीदार चेकबुक काढत होते तेव्हा ताईने त्यांना थांबवलं. जास्तीच्या रस्स्यातले निम्मे पैसे तुमचे होते, ते नव्वद हजार कापून घ्या. ते म्हणाले, तोटा भागीदारीत दोघांचा असतो, असं कुणी कापत नाही. ती म्हणाली, हा भागीदारीतला नव्हता. त्यांना त्याचा अर्थ लागला नाही. मला म्हणाले, पाहुणे, तुम्ही सांगा हिला. मी म्हणालो, तिचं बरोबर आहे.

जूनमध्ये तिने खोली रिकामी केली आणि ती आमच्याकडे राहायला आली. सकाळी ती लवकर उठते. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते आणि काही न करता परत येते. आमच्याकडे आता तीन माणसांचा स्वयंपाक असतो. एकदा तिने कालवण केलं तर ते इतकं बेताचं झालं की मला दुसऱ्यांदा मागता आलं नाही.

चेक तिच्या नावाने चार लाख दहा हजारांचा आला. तो वटल्यावर ती मला घेऊन कॉलेज रोडच्या औषधाच्या दुकानात गेली. शेवटच्या चार इंजेक्शनांचे पैसे द्यायचे राहिले होते. हे मलाही तेव्हाच कळलं. दुकानदाराने दाजी गेल्याचं ऐकलं होतं. तो म्हणाला, वरचे तीन हजार राहू द्या. तिने राहू दिले नाहीत. अडुसष्ट हजार रुपये, रोख, औषधाच्या दुकानदाराला.