उंद्रीच्या अलीकडे बंद पडलेली गाडी

त्या उन्हाळ्यात माझी गाडी रस्त्यात बंद पडायची, आणि ती बंद पडली की आईचं डायलिसिस चुकायचं.

गाडी दोन दरवाजांची, जमिनीला टेकलेली, स्पोर्ट्स कार. पुण्यात नोकरीला असताना हौसेनं घेतलेली. मी तिचा तिसरा मालक. आईच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा नोकरी सोडून गाडीतच सामान भरलं आणि गावी, जानेफळला परत आलो. तोवर ती दोन लाख किलोमीटरच्या वर पळाली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बुलडाण्याला जायचं, तर दारात तीच एक गाडी. बसताना आई माझा खांदा धरून हळूहळू खाली जायची आणि म्हणायची, "विहिरीत उतरल्यासारखं वाटते रे बाप्पा."

दुखणं विचित्र होतं. गार इंजिन पहिल्या चावीला सुरू व्हायचं. अर्धा तास चाललं, चांगलं तापलं, की एकाएकी बंद. ना धूर, ना खडखड. निवलं की पुन्हा सुरू. मेहकरच्या मिस्त्रीनं प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, कॉम्प्युटर लावून पाहिला. काही दिसेना, कारण गॅरेजमध्ये ती बंदच पडायची नाही. "माह्यासमोर बंद पडत नाही, तर मी काय शोधू?" तो म्हणाला. त्याचंही खरं होतं.

एप्रिलमधली ती सकाळ. डायलिसिसची आदली पाळी अशीच हुकली होती, त्यामुळे आधीच्या पाळीला सात दिवस झालेले. आईचे पाय सुजले होते, एका वाक्यात दोनदा थांबून ती श्वास घेत होती. उंद्रीच्या अलीकडे इंजिन बंद पडलं. वीस मिनिटांनी सुरू झालं, जेमतेम दोन किलोमीटर चाललं आणि पुन्हा बंद. मला अजूनही पंपाचाच संशय. टाकीच्या आतला पंप निवावा म्हणून डिकीतला पाण्याचा कॅन काढून मी सगळं पाणी मागं पेट्रोलच्या टाकीवर ओतलं. काही झालं नाही. गावातल्या जीपवाल्याला फोन लावला, तर तो लग्नाला लोणारला गेलेला. मोटरसायकलवरचे दोघं थांबले, गाडीसोबत फोटो काढला आणि गेले. मी टायरवर लाथ मारली. मग दुसरी मारली. आई काचेतून बघत होती.

"इकडं ये," ती म्हणाली. "मले गाडीतलं काही समजत नाही. पण तो काटा आधी पडते."

"कोणता काटा?"

तिनं बोट दाखवलं. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा. "गाडी पळतच असते, अन् हा एकदम शून्यावर येते. मंग आवाज जाते. मी दर खेपेले पाहून राह्यली."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"तू आधीच चिडेल असतं."

मी चावी फिरवली. इंजिन स्टार्टरवर गरगरत होतं आणि काटा शून्यावरच. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा एक सेन्सर असतो, अंगठ्याएवढा. तो गप्प झाला की ठिणगीही बंद, पेट्रोलही बंद. तापला की हाच गप्प होत असणार. त्याला गार करायचं, पण पाणी मी टाकीवर ओतून बसलो होतो.

आईनं पिशवीतून आपली बाटली काढली. डॉक्टरांनी तिला दिवसभरात अर्धाच लिटर पाणी सांगितलेलं. ती झाकणानं मोजून प्यायची.

"नको, आई."

"घे ना बे," ती म्हणाली. पोरं एकमेकांना म्हणतात तसं बे ती मला कधीच म्हणत नसे.

इंजिनाच्या मागं, खाली हात घातला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी भाजली. खिशातली दस्ती ओली करून सेन्सरवर दाबून धरली, वरून थेंब थेंब पाणी सोडत राहिलो. पाच मिनिटांनी चावी फिरवली. काटा हलला आणि इंजिन सुरू झालं. चिखलीच्या अलीकडे ते पुन्हा बंद पडलं. उरलेलं पाणी तिथं संपलं. त्यानंतर बुलडाण्यापर्यंत मी रस्त्यापेक्षा त्या काट्याकडेच जास्त बघत होतो.

"इतका उशीर? यांच्या अंगावरची सूज पाहिली का तुम्ही?" सिस्टर ओरडली आणि आईला व्हीलचेअरवर आत घेऊन गेली. आईच्या बेडवर दुसरा पेशंट घेतलेला होता. बेड मोकळा होईपर्यंत दोन तास आई ऑक्सिजनवर बसून राहिली. मी जिन्यात बसून रडलो.

नवा सेन्सर पार्सलनं आला. मिस्त्रीनं जुना काढून हातात घेतला, उलटसुलट पाहिला. "एवढुश्यापायी?" म्हणाला.

आई पुढं सात महिने होती. त्यानंतर गाडी बंद पडून एकही पाळी चुकली नाही. शेवटच्या दोन पाळ्यांना मात्र गाडी दारात सुरू करून मी वाट बघत राहिलो, आणि तिनंच घरातून नको म्हटलं.