केरबाकाकांची वाचून केलेली सही

आमच्या गावात वीज पडून शेळी मेली, कडबा जळाला, गारपिटीनं ज्वारी झोपली, की पंचनामा होतो आणि त्याखाली केरबाकाकांची सही असते. हे माझे सख्खे चुलते. वय सदुसष्ट. जळकोटच्या वाटेवर फाट्याला ताहेरभाईचं हॉटेल आहे, तिथल्या बाकड्यावर ते सकाळी नऊपासून सापडतात. म्हणून पंच शोधणाऱ्यालाही तेच सापडतात.

सही मात्र बघण्यासारखी. आधी एक मोठी गिरकी, मग नाव, मग आडनाव, खाली दोन रेघा, रेघांखाली दोन टिंबं. सही करताना जीभ बाहेर येते. मी अंगणवाडी चालवते, अक्षरं गिरवणारी पोरं रोज बघते. एवढ्या आनंदानं कुणीच लिहीत नाही. अडचण एकच होती. वर काय लिहिलंय ते काकांनी जन्मात वाचलं नव्हतं. चौथी पास आहेत, घाई नसेल तर वाचता येतं. पण शेवटी ‘पंचांना वाचून दाखवले, बरोबर आहे’ असं छापलेलं असतं ना, तर काकांना वाटायचं, छापलंय म्हणजे वाचून झालंच!

यंदाच्या वैशाखात तलाठी हॉटेलात आले. सरकारनं त्यांचं नाव बदलून लांबलचक केलंय, पण आम्ही तलाठीच म्हणतो. त्यांनी चहा सांगितला, कागद पुढे केला. काकांनी दोन टिंबांसकट सही ठोकली. जागेवर कुणीच गेलं नाही, ऊन फार होतं.

आठव्या दिवशी मुरमाचे टिप्पर थेट चिबडात शिरले.

ओढ्याच्या वळणावर चार एकर चिबड, म्हणजे पाणथळ जमीन आहे. उन्हाळ्यात वरून कोरडं पडतं, भेगासुद्धा पडतात, आत मात्र बारमाही पाणी. सगळा शिवार करपतो तेव्हा तिथला लव्हाळा हिरवागार असतो. मधल्या डबक्यात काकांच्या बायकोची, नागुबाईकाकूची म्हैस, बिजली, नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून दुपारभर बसते. काकूला गुंठाभर जमीन नाही. चिबड गेलं तर चारा गेला, चारा गेला तर बिजली विकायची, आणि बिजली विकायची म्हटलं की काकूला जेवण जात नाही.

ती टिप्परपुढे आडवी उभी राहिली, सोबत बिजली. मुकादमानं खिशातून कागद काढला. “इथं ओढा, डबकं, पाणी काही नाही, असा पंचनामा झालाय, मावशी. खाली सही तुमच्याच मालकाची हाय.”

सही ओळखायला काकूला वाचायची गरज नव्हती. दोन टिंबं दिसली आणि पुरे झालं. त्या दिवशी सहा टिप्पर मुरूम नेमका बिजलीच्या डबक्यावर पडला. वर ‘सरोवर विहार’ असा प्लॉट विकण्याचा फलक लागला. सरोवर बुजवून सरोवराचं नाव द्यायचं, ही अक्कल कोणत्या कॉलेजात मिळते देव जाणे!

घरी काकू एवढंच म्हणाली, “जवर ती सही वापस आणत न्हाईत, तवर माझ्या हातचा चहा न्हाई.”

काका हॉटेलात दिवसाला सहा चहा पितात, पण पहाटेचा पहिला काकूच्या हातचा. बेचाळीस वर्षांत तो चुकला नव्हता. माणूस दोन दिवसांत उतरला. मला हसू यायचं आणि कीवही.

मग सुरू झाली सहीची वरात. काका तलाठ्याकडे गेले. “माझी सही मला वापस द्या.”

“काका, सही म्हणजे काय उसनं नेलेलं खोरं आहे का?”

एसटीनं मुखेडला तहसीलमध्ये गेले. तिथला बाबू इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. दुसऱ्या खेपेला मी सोबत गेले. तहसीलदार मॅडमही आधी हसल्या. मग काका म्हणाले, “मॅडम, म्या न वाचता सही केली, चूक माझी हाय. पण खोटं माझ्या नावावर ऱ्हायलंय.” मॅडम हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, “सही परत देता येत नाही. जागा मात्र बघता येते.” काम थांबवून त्यांनी मंगळवार दिला.

मंगळवारी अख्खं गाव चिबडाच्या काठावर. प्लॉटिंगवाले बसवराजअण्णा उदगीरहून पांढऱ्या परीटघडीत, पांढऱ्याच नव्या गाडीतून आले. मुरूम चांगला दाबून पसरलेला, धूळ उडत होती. चिबडाचं नाव नाही.

“बघा मॅडम, कसलं पाणी अन् कसलं काय!” अण्णा म्हणाले. “थांबा, गाडीच घालून दाखवतो.”

काका पुढे धावले. “अण्णा, तिकडं नका जाऊ! तिथं बिजली बसती!”

“म्हैस बसते तिथं गाडी बसत नाही होय?” असं म्हणून अण्णांनी गाडी दामटली.

बसली की हो! आधी पुढची चाकं, मग दिवे, मग फसाफस काळं पाणी वर आलं आणि बॉनेटवर एक बेडूक चढला. अण्णा दार उघडून उतरले ते गुडघ्यापर्यंत आत. काठावर जो हशा पिकला! ताहेरभाई डोळे पुसत खालीच बसले.

अण्णांना मात्र गाडीचा विमा आठवला. “पंचनामा करा! आत्ताच्या आत्ता! लिहा तलाठी, पाण्यात बुडून नुकसान!”

तलाठ्यानं लिहिलं आणि सवयीनं कागद काकांपुढे धरला. काकांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागले. मोठ्यानं. एकेक शब्द. उन्हात अर्धा तास सगळे उभे. मधेच थांबून म्हणाले, “पाणी किती, ते न्हाई लिवलं.” काकूनं बिजलीची काठी पुढे केली. काठी बुडवून काका म्हणाले, “सव्वा हात.”

“सव्वा काय! दोन हात लिहा!” अण्णा ओरडले. “खाली झरा आहे, लिहा! इंजिनात पाणी गेलंय माझ्या!”

तसंच लिहिलं. खाली अण्णांनी सही केली, मग काकांनी, जीभ बाहेर काढून. दुसरं टिंब देऊन त्यांनी कागद मॅडमना दिला. “मॅडम, ह्याची एक नक्कल त्या पहिल्या फायलीला लावा. आता अण्णाबी म्हणायलेत, पाणी हाय.”

मॅडमनी ओठ दाबून कागदाची घडी केली आणि तिथल्या तिथे ‘सरोवर विहार’ची परवानगी थांबवली. महिन्याभरात मुरूमही अण्णांनाच उचलावा लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे काका ओट्यावर खाली मान घालून बसले होते. काकू आतून आली आणि कपबशी समोर धरली.

“घ्या,” ती म्हणाली. “का आधी वाचून बघायचाय?”

काकांनी कपबशी इतक्या घाईनं घेतली की अर्धा चहा बशीत सांडला, आणि त्यांनी तो बशीतूनच प्यायला.