बेल्ट येईपर्यंत गाडी हलवायची नाही

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते नालीतल्या गाळासारखे साचत जातात. उपसायला बसलं की कळतं किती आहेत ते. अठ्ठावीस वर्षं बातमीदारी केली, वाशीम जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या कचेऱ्यांत भांडलो. वाटलं होतं, आता आपल्याला धक्का बसेल असं काही उरलं नाही. मग बंडूभाऊंनी गाडी घेतली.

बंडूभाऊ म्हणजे शेलूबाजारजवळचे वांगी-मेथीवाले. माणूस शहाणा, बागायत चोख. आमचं रोजचं बसणं रऊफभाईंच्या गॅरेजमध्ये. तिसरे सुधाकरमामा, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. एका दुपारी बंडूभाऊ पुण्याहून एक लाल, दोन दारांची, बसल्यावर रस्ता मांडीला लागेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार घेऊन थेट गॅरेजच्या दारात उभे राहिले. मीटरवर एक लाख ऐंशी हजार किलोमीटरच्या वर!

रऊफभाईंनी तासभर गाडी तपासली आणि हात पुसत सांगितलं, "इंजिन झकास आहे, भाऊ. पण आतला टायमिंग बेल्ट कधी बदलला, कागदात कुठंच नाही. हा रबरी पट्टा चालत्या इंजिनात तुटला तं वॉल्व्ह अन् पिस्टन एकमेकाईले भिडतात. मंग इंजिन भंगारात."

बेल्ट नागपूरहून यायला आठ दिवस लागणार होते. तोवर गाडी घरी नेऊन उभी करायची आणि हलवायची नाही. बंडूभाऊंनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. तीन वर्षं ध्यास धरून घेतलेली गाडी होती ती. 

*

दुसऱ्या दिवशी पूजा. चारी चाकांखाली लिंबं ठेवली, कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळ फोडायचा मान मामांना. त्यांनी गाडीपुढे जमिनीवर आपटला, पण अंगणात काळी माती, पावसानं भिजलेली. नारळ रुतून बसला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मामांनी इकडेतिकडे दगड शोधला, दिसला नाही, म्हणून तोच नारळ गाडीच्या पुढच्या कडेवर हाणला.

नारळ शाबूत. बंपरला वीतभर तडा.

मी ओरडायच्या आत मामा हात जोडून मोकळे झाले. "काहीतरी फुटल्याशी मतलब."

*

मग तेलाचं प्रकरण. मामांचं ठाम मत की आपल्याकडच्या उन्हात पातळ तेल म्हणजे पुणेवाल्यांचे लाड. जुन्या गाडीला जाड तेल द्यावं, आवाज दबतो. बंडूभाऊ ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा घेऊन आले आणि झाकण उघडायला लागले. मी तो डबा हातातून ओढला. साधा ओढला नाही, अक्षरशः झोंबाझोंबी केली. या गाडीचं माहितीपुस्तक मी मोबाइलवर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. बंडूभाऊंनी गाडीसोबत आलेलं अजून प्लास्टिकमधून काढलंही नव्हतं.

तिथंच असलेल्या रऊफभाईंनी समजावलं की या इंजिनाच्या नळ्या बारीक, जाड तेल सकाळी वरपर्यंत चढतच नाही. याला पाण्यासारखं पातळ तेल लागतं, आणि गाडी इतकी चाललेली असल्यामुळे दर आठवड्याला तेल मोजायची दांडी काढून पातळी पाहायची.

मामांनी शांतपणे विचारलं, "मंग पाणीच काहून नाही टाकत?"

*

टायरवरूनही तसंच. नक्षी नव्यासारखी होती, पण कडेला कोरलेल्या आकड्यांवरून रऊफभाईंनी दाखवलं की टायर बरेच जुने आहेत, रबर कडक झालंय, ओल्या रस्त्यावर ब्रेक लागणार नाही. बदलायलाच हवेत. मीही सुनावलं की माणसाचा जीव चार तळहातांएवढ्या रबरावर असतो.

मामा दुखावले. "मी बी जुना आहो, कडक झालो. फेकता काय मले?"

*

पण खरा धक्का चौथ्या दिवशी. मी सहज बंडूभाऊंच्या घरी गेलो, तर अंगणात पंधरावीस माणसं. आमच्याकडे नवी बैलजोडी घेतली की गाव पाहायला येतं, दात मोजतं, पाठीवरून हात फिरवतं. तशीच ही मंडळी, काही तर मंगरूळपीरहून आलेली. प्रत्येकाला चहा, आणि चहानंतर बंडूभाऊ आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचे. गाडी डरकाळी फोडायची, म्हातारे माना डोलवायचे. एकाला नीट ऐकू येत नव्हतं, त्याच्यासाठी परत.

माझी सटकली. शपथ काय घेतली होती, असं भरल्या अंगणात विचारलं.

"पाहा बाप्पा चाकं," बंडूभाऊ म्हणाले. "लिंबं बी तिथंच हायेत. हातभर तरी हालली काय गाडी?"

गाडी उभी असली तरी इंजिनाबरोबर तो बेल्ट फिरतोच, हे त्यांना समजावताना माझा घसा बसला. समजलं तेव्हा ते मटकन ओट्यावर बसले.

मग मीच तोडगा काढला. किल्ली बंडूभाऊंच्या बायकोकडे, सुनंदावहिनींकडे द्यायची. वहिनींचा गाडीवर पहिल्या दिवसापासून राग. मेथीची एक जुडी मावत नाही ती गाडी कसली, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. आत बसून पाहायलाही त्यांनी नकार दिला होता. त्यांनी किल्ली माझ्या हातून घेतली, पदराला बांधली आणि सांगितलं, "आता देवाले बी नाही देत."

मी निर्धास्त झालो. त्यानंतर बंडूभाऊ रोज पहाटे जीपमधून माल घेऊन हर्रासाला, भाजीच्या लिलावाला जायचे, दुपारी परत यायचे, गाडीवरून फडकं फिरवायचे. किल्ली मागितली नाही.

*

बेल्ट आला. रऊफभाईंनी बजावलं होतं म्हणून गाडी ट्रॅक्टरनं ओढत गॅरेजमध्ये आणली. वहिनीही सोबत आल्या. किल्ली त्या कोणाच्या हातात द्यायला तयार नव्हत्या.

रऊफभाईंनी कव्हर उघडलं. आत बोटानं दाखवलं. पट्ट्याला आडव्या चिरा, तीन दाते गायब, एक कड दोऱ्यांवर लटकलेली. बंडूभाऊंनी डोळे मिटले. मामांनी टोपी काढली.

"वाचली," मी म्हणालो. "आठ दिवस उभी ठेवली म्हणून वाचली."

रऊफभाई मात्र भिंतीकडे पाहत होते. गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येक गाडीचं मीटर पहिल्याच दिवशी खडूनं भिंतीवर लिहायची त्यांची सवय. त्यांनी वहिनींकडून किल्ली घेऊन मीटर पाहिलं. परत भिंत पाहिली. दोन्हींत दोनशे बारा किलोमीटरचा फरक.

बंडूभाऊंनी पोरांची शपथ घेतली. मी मामांवर घसरलो, तर ते म्हणाले की आपलं पोट त्या स्टिअरिंगमागं मावत नाही, पाहिजे तर बसवून पाहा. मी बसवून पाहिलं. खरोखर मावलं नाही. मग कोण, हे मी अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवानं, एकेकाच्या डोळ्यांत पाहत विचारत होतो.

सुनंदावहिनी बाकावरून उठल्या, पदर सावरला.

"रऊफभाऊ, उघडलीच आहे तं तेवढं पाहून घ्या," त्या म्हणाल्या. "समृद्धीवर सहाव्या गिअरात टाकतानी जराशी अडकते."