साक्षीतली संत्री

माझी माणिकमावशी वरूडच्या संत्रा मंडीत फळं निवडायचं काम करते. ढिगाशी बसायचं आणि मोठं, मध्यम, बारीक वेगळं काढायचं. हात ढिगात आणि तोंड गावात, असं आम्ही तिला चिडवायचो. त्या ढिगाशी बसणाऱ्या बायांना तिने सहा वर्षं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. शेजारच्या इंदूबाईचा एकुलता एक अश्विन तिच्या डोळ्यांदेखत कसा गेला, ती.

मावशी शेतातून परतत होती. समोरून संत्र्यांनी काठोकाठ भरलेली पिकअप डुलत, भरधाव आली आणि तिने मोटारसायकलवरच्या अश्विनला उडवलं. सांडलेली संत्री घरंगळत त्याच्या अंगाशी जाऊन थांबली. मावशीने धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो 'माय' म्हणाला आणि संपला.

पिकअपचा ड्रायव्हर कुलदीप म्हणायचा, गाडी रिकामी होती, हळू होती, पोरगाच शेतातल्या पांदणीच्या वाटेने एकदम आडवा आला. बघणारी मावशी एकटी. कुलदीपला शिक्षा व्हावी एवढ्यासाठी इंदूबाई दिवस काढत होती, आणि ते सगळं मावशीच्या साक्षीवर अडलं होतं.

दर तारखेला मावशीला कोर्टात न्यायचं काम माझ्या गळ्यात, कारण भाचा मी आणि गाडी माझी. कधी न्यायाधीश रजेवर, कधी वकील दुसऱ्या कोर्टात, कधी कुलदीप आजारी. आम्ही कडुनिंबाखाली बसून डबा खायचो आणि पुढची तारीख घेऊन घरी यायचो. खरं सांगतो, मला अश्विनचं दुःख वाटेनासं झालं होतं. नुसता वैताग उरला होता.

यंदा दिवाळीत माझी मुलगी पौर्णिमा घरी आली. ती अमरावतीला मानसशास्त्र शिकते आणि साक्षीदारांच्या आठवणींवर तिचा अभ्यास चालू आहे. तिने मावशीला कौतुकाने बसवलं आणि म्हणाली, आजी, अपघातापासून नको, त्या दिवशीच्या सकाळपासून सांग. असं विचारलं की माणसाला जास्त आठवतं म्हणे.

"सकाळी सरकी लावाले गेलती," मावशीने सुरुवात केली. "मृग नुकताच लागला होता..."

आणि ती थांबली. तिच्या हातातला चहा तसाच राहिला.

मृगात मंडी ओस असते. झाडावर लिंबाएवढं हिरवं फळ असतं आणि ते कोणी पिकअपमध्ये भरत नाही. हे वरूडातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण आमच्याकडे रस्त्यावर संत्री सांडणं इतकं रोजचं, की सहा वर्षांत ना आम्हाला खटकलं, ना त्या बायांना.

मावशीने पोलिसांना दिलेल्या जबाबाची नक्कल काढून वाचली, तर तिच्यात संत्री नव्हतीच. ती नंतर आली. पौर्णिमा म्हणाली, आठवण पेटीत ठेवलेल्या लुगड्यासारखी जशीच्या तशी राहत नाही, दरवेळी सांगताना मन ती नव्याने मांडतं आणि तेव्हा जे समोर असेल तेही तिच्यात शिरतं. यावर पुष्कळ प्रयोग झालेत. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच दिसत असतं. मावशी ऐकत होती. सांगताना तिच्यासमोर कायम ढीगच असायचा.

तारीख तोंडावर आली असताना हे उकरून काढायची काय गरज होती, म्हणून मी पोरीवर चिडलो. मावशीला म्हटलं, संत्री वगळ आणि बाकीचं सांग.

"संत्रे काढले त बाकी काय राह्यते रे?" ती म्हणाली. "भरली होती म्हनून डुलत होती, डुलत होती म्हनून जोरात वाटे."

नेमकी त्याच तारखेला पुकार झाली. पिंजऱ्यात उभी राहून मावशीने सांगितलं, "गाडीनं त्याले ठोकलं हे खरं हाये. पन ते जोरात होती का हळू, भरली होती का रिकामी, ते मले सांगता येत नाई. मी इतक्यांदा सांगतलं, की पायलेलं कोनतं अन् सांगतलेलं कोनतं, समजून नाई राह्यलं."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला आणि तिला फितूर ठरवा म्हणाले. फितूर! मागे बसलेल्यांत लगेच कुजबुज सुरू झाली, ड्रायव्हरकडून काहीतरी घेतलं असेल. माझं डोकं फिरलं, पण पिंजऱ्यातून उतरून आलेल्या मावशीने माझा हात दाबला. तिला आता भांडायचं नव्हतं. कुलदीप सुटणार, हे सगळ्यांनाच कळलं होतं.

इंदूबाई बाहेर कडुनिंबाखाली बसली होती. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मावशी तिच्याजवळ जाऊन टेकली. मृगात संत्री असूच शकत नाहीत, हे तिने इंदूबाईला सांगून टाकलं. मग इंदूबाई खाली बघतच म्हणाली, "संत्रे नव्हते त नव्हते, बाई. पन त्यानं माय म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं," मावशी म्हणाली.

इंदूबाईने मान हलवली आणि डोळे पुसले.

परतताना मंडीवरून आलो. हंगाम भरात होता, दुतर्फा ढीग लागले होते. मावशीने तिकडे पाहिलं नाही. मंडी मागे पडल्यावर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"योगेश, म्हटलं असन ना रे त्यानं?"

"असन," मी म्हणालो.